‘आम्ही’ आणि ‘आपण’ : पोवाड्यातून भाषा व संस्कृती यांचे शिक्षण
(जालना जिल्ह्याच्या निमित्ताने काही विचार)

१. प्रश्नाचे स्वरूप

पोवाडा हा मराठीचा जुना आणि स्वतःचा असा वाङ्मयप्रकार होय. त्याचा विचार आपल्याकडे मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. इतिहाससंशोधकांनी त्याकडे साधन म्हणून पाहिले व त्यातील प्रसंग, नावे आणि तिथी बखरींशी व पत्रांशी ताडून पाहिल्या. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याची रचना, त्यातील वीररस आणि शाहिरांची परंपरा यांचे विवेचन केले. अध्यापनाचे तिसरे अंग मात्र बहुतांशी उपेक्षितच राहिले. शाळेत पोवाडा असतो, परंतु तो स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर, शिवजयंतीच्या कार्यक्रमात किंवा पाठ्यपुस्तकातील एखाद्या उताऱ्याच्या रूपाने. भाषा शिकविण्याचे साधन म्हणून त्याची योजना करावी हा विचार क्वचितच केला जातो.

आज या विचारास एक निकडीचे कारण उपस्थित झाले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली अधिनियम करून राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले. त्यामुळे उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या वर्गांतूनही मराठीचा शिक्षक उभा राहिला आहे. जालना जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर शहरातील अनेक घरांत दखनी व उर्दू बोलली जाते, तांड्यांवर गोरबोली ऐकू येते आणि बाजारपेठेत मारवाडीही कानी पडते. या घरांतील मुले एकाच बाकावर येऊन बसतात. त्यांना मराठी शिकवावयाची म्हणजे शब्द आणि प्रत्यय तर शिकवावयाचेच, शिवाय या भाषेत साठविलेली स्मृतीही त्यांच्या स्वाधीन करावयाची. ती स्मृती आपलीही आहे असे त्या मुलांना वाटावे की नाही, हा प्रश्न शिक्षकास टाळता येत नाही.

पोवाडा हे या कामाचे उत्तम साधन होऊ शकेल काय, आणि होत असल्यास कोणत्या अटींवर, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. एक परदेशीय दाखला

मेक्सिको देशात व त्याच्या उत्तर सीमेवर ‘कोरीदो’ या नावाचे कथागीत फार लोकप्रिय आहे. सामान्यतः आठ अक्षरावयवांच्या ओळी, चार ओळींचे कडवे, प्रारंभी स्थळ व काळ यांचा निर्देश आणि शेवटी श्रोत्यांचा निरोप अशी त्याची घडण असते. १९१० साली सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीच्या काळात या गीतांना बहर आला. मेक्सिको शहरातील वानेगास आरोयो या मुद्रकाने ती स्वस्त पत्रकांच्या रूपाने घरोघर पोहोचविली आणि पोसादा या कोरीव चित्रकाराने त्या पत्रकांना चित्रे दिली. मेंदोसा या अभ्यासकाने १९३९ साली या गीतांचा जुन्या स्पॅनिश कथाकाव्याशी असलेला संबंध विवेचिला. आज स्पॅनिश भाषा व मेक्सिकन संस्कृती शिकविणारे शिक्षक ही गीते वर्गात योजितात.

यांतील एक गीत भाषाशिक्षकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते ग्रेगोरियो कोर्तेस या टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या शेतकऱ्याविषयी आहे. १२ जून १९०१ रोजी घोडेचोराचा शोध घेत एक शेरीफ त्याच्या दारी आला. बरोबरच्या दुभाष्याने, तू घोड्याची अदलाबदल केलीस काय, अशा अर्थाचा प्रश्न केला. कोर्तेसने दिली होती ती घोडी. स्पॅनिशमध्ये घोडा आणि घोडी यांस अगदी निरनिराळे शब्द आहेत, म्हणून त्याने नकारार्थी उत्तर दिले. ते उत्तर खोटे मानले गेले. त्यापुढील बोलण्याचाही विपर्यास झाला, गोळ्या झाडल्या गेल्या, कोर्तेसचा भाऊ जखमी झाला आणि शेरीफ ठार झाला. पुढे सुमारे दहा दिवस कोर्तेस पाठलाग चुकवीत राहिला. पकडला गेल्यावर त्याच्यावर अनेक खटले चालले आणि अखेर १९१३ साली त्यास माफी मिळाली. आमेरिको पारेदेस या विद्वानाने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे गीत, त्याची निरनिराळी पाठांतरे आणि न्यायालयीन वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवून त्यांचा अभ्यास केला.

या दाखल्यापासून दोन बोध घ्यावयाचे आहेत. दोन भाषांच्या सीमेवर एका शब्दाचा अर्थ निसटला तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते, हा पहिला. लोकगीत आणि लेखी कागद यांना एकमेकांसमोर उभे केले म्हणजेच गीताचे खरे बळ व खरी मर्यादा कळते, हा दुसरा. आपला पोवाडा वर्गात आणताना हे दोन्ही उपयोगी पडणारे आहेत.

३. पोवाड्याची घडण आणि तिचा शैक्षणिक उपयोग

उपलब्ध पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा अत्यंत जुना मानला जातो. तो प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा. तुलसीदासाने गायिलेला सिंहगडाचा पोवाडाही त्याच परंपरेतील आहे. पेशवाईत या रचनेस बहर आला. अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ हे त्या काळातील प्रसिद्ध शाहीर होत. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापून प्रसिद्ध केला आणि य. न. केळकर यांनी विसाव्या शतकात ते कार्य पुढे नेले. या संग्राहकांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. तथापि छापील पानावर आल्याबरोबर पोवाड्याची चाल, डफावरची थाप आणि साथीदारांची ‘जी जी’ नाहीशी झाली. विद्यार्थ्यास आज पोवाडा भेटतो तो बहुधा याच मूक अवस्थेत.

वस्तुतः पोवाड्याची सर्व रचना ऐकणाऱ्यास डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. प्रथम नमन, मग प्रसंगाची प्रस्तावना, नंतर एकामागून एक चौक, आणि शेवटी शाहिराचे, कित्येकदा त्याच्या गुरूचे व गावाचे नाव, असा सामान्य क्रम आहे. चौकाच्या अखेरीस ध्रुपद परत येते. मधूनच शाहीर गाणे थांबवून गद्यात प्रसंग समजावून सांगतो व पुन्हा चाल धरतो.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने यांतील प्रत्येक गोष्ट उपकारक आहे. ध्रुपदाच्या पुनरावृत्तीमुळे नवख्या श्रोत्यास विसावा मिळतो आणि मागील भाग मनात बसतो. झीलकऱ्यांच्या साथीत संकोची विद्यार्थीही तोंड उघडतो, कारण तेथे तो एकटा नसतो. पद्यातून गद्यात व गद्यातून पद्यात जाताना एकच आशय दोन शैलींत कसा मांडला जातो हे कानांस आपोआप कळते. सरदारांच्या व गावांच्या नावांची जी मालिका वाचताना कंटाळवाणी वाटते, तीच ऐकताना उच्चारांचा उत्तम सराव ठरते. यास्तव पोवाड्याचे पहिले वाचन कधीही डोळ्यांनी करू नये. पुस्तक मिटवून तो प्रथम ऐकावा, मग म्हणावा आणि त्यानंतरच वाचावा.

४. व्याकरण आणि शब्दसंपत्ती

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. दखनी बोलणाऱ्या विद्यार्थ्यास मराठीत हमखास अडखळविणारे एक स्थळ म्हणजे सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ. मराठीत आपण ‘मुलाने भाकरी खाल्ली’ असे म्हणतो. कर्त्यास ‘ने’ लागतो व क्रियापद कर्माप्रमाणे चालते. लेखी उर्दूतही ‘ने’ आहे. परंतु बोलचालीच्या दखनीत तो बहुधा गळतो आणि क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. ‘लडका रोटी खाया’ ही तेथील सहज रचना. साहजिकच असा विद्यार्थी मराठीत ‘मुलगा भाकरी खाल्ला’ असे लिहितो. त्यास अडाणीपणा समजणे चूक होय. त्याच्या घरच्या भाषेचा नियम तो प्रामाणिकपणे पाळीत असतो. पोवाड्याचा सारा विषयच ‘कोणी काय केले’ हा असल्यामुळे या कर्मणि रचनेचा त्यात पाऊस पडतो, आणि तोही तालावर. नियम पाठ करून जे साधत नाही ते दहा वेळा गायिल्याने जिभेवर बसण्याचा संभव अधिक आहे.

दुसरी गोष्ट शब्दसंपत्तीची. पोवाड्याची परिभाषा पाहिली तर तिचा मोठा भाग अरबी-फारसीतून आलेला आहे. फौज, किल्ला, तोफ, नगारा, निशाण, मुलूख, मोहीम, कुमक, जासूद, खलिता हे सर्व शब्द तिकडचे. इतकेच काय, ‘शाहीर’ हे नावदेखील अरबी ‘शाइर’ या शब्दाचे मराठी रूप आहे. म्हणजे ज्या विद्यार्थ्यास मराठी वर्गात आपण परके आहोत असे वाटत असेल त्याच्या घरातील शब्द या वीरकाव्यात पूर्वीपासूनच मानाने बसलेले आहेत. ही गोष्ट शिक्षकाने त्यास उपदेश म्हणून सांगण्याचे कारण नाही. फळ्यावर दोन रकाने आखून शब्द लिहून घेतले म्हणजे ती विद्यार्थ्यास स्वतःच दिसते.

मात्र येथेच कोर्तेसच्या घोडीची आठवण ठेविली पाहिजे. शब्द एक असला तरी अर्थ एक असेलच असे नाही. ‘तालीम’ म्हणजे उर्दूत शिक्षण; मराठीत ती मल्लांची व्यायामशाळा किंवा नाटकाचा सराव. ‘मजकूर’ म्हणजे उर्दूत ‘उल्लेखिलेला’. मराठीत लिहिलेला आशय. ‘खल्वत’ म्हणजे उर्दूत एकान्त. मराठी ‘खलबत’ ही गुप्त मसलत. सर्वांत बोधप्रद शब्द ‘शिकस्त’ हा होय. फारसीत व उर्दूत त्याचा अर्थ पराभव. जुन्या मराठी राजकीय पत्रांतही तो त्या अर्थाने आढळतो. आजच्या मराठीत मात्र आपण ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे म्हणतो आणि त्यात पराकाष्ठा अभिप्रेत असते. एका बाकावरील दोन विद्यार्थ्यांनी या शब्दाचे दोन अर्थ सांगितले तर दोघेही बरोबर असतात. अर्थ कसा सरकतो, याचा पाठ या एका शब्दावर पुरा होतो.

तिसरी आणि या लेखाच्या दृष्टीने मुख्य गोष्ट सर्वनामांची आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. प्रमाण उर्दूत ‘हम’ या एकाच शब्दावर दोन्ही कामे भागतात. बोलचालीच्या दखनीत मात्र ‘अपन’ हे समावेशक रूप ऐकू येते, आणि शिक्षकास तो आयता पूल मिळतो. पोवाडा हा या भेदाचा प्रत्यक्ष पाठच आहे. शाहीर समोरच्या सभेला उद्देशून गातो. सभा जमते तेव्हा ती निरनिराळ्या माणसांची असते. पोवाडा संपतो तेव्हा शाहिराने तिचे एक ‘आपण’ केलेले असते. पोवाड्याची सामाजिक शक्ती ती हीच, आणि वर्गात त्याचा धोकाही हाच. कारण ‘आपण’ बांधताना कोणास तरी ‘ते’ ठरविण्याचा मोह गाणाऱ्यास होतो आणि शिक्षकासही होऊ शकतो.

५. जालन्याच्या भूमीवरील दोन प्रसंग

या सर्वनामांचा कस जालना जिल्ह्यात जसा लागतो तसा अन्यत्र क्वचितच लागेल. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यात होता. त्याही आधी, सप्टेंबर १९४८ पर्यंत, हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा ठिकाणी इतिहासाचा ‘आपण’ कोण, हे गृहीत धरून चालत नाही.

पहिला प्रसंग नोव्हेंबर १६७९ चा. शिवाजी महाराजांनी मोगली मुलखात शिरून जालन्याची संपन्न पेठ चार दिवस लुटली. परतताना संगमनेरच्या बाजूस मोगली फौजेने वाट अडविली, निकराची लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले आणि बहिर्जी जासुदाने आडवाटेने नेऊन फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविली. त्या किल्ल्यास पुढे विश्रामगड हे नाव मिळाले. महाराजांची ही अखेरची मोठी मोहीम. ३ एप्रिल १६८० रोजी ते निवर्तले. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत ही मोहीम एका दृष्टीने येते. खाफीखान या नंतरच्या मोगल इतिहासकाराने तीच हकीकत दुसऱ्या दृष्टीने सांगितली. जालन्यातील जान महंमद या सत्पुरुषाच्या आश्रयस्थानास उपद्रव झाला व त्याचा शाप बाधला, अशी त्याची मांडणी आहे.

हा प्रसंग वर्गात ठेविला म्हणजे एक विलक्षण गोष्ट घडते. जालन्याच्या मराठी भाषिक विद्यार्थ्यास महाराजांच्या पराक्रमाचा अभिमान असतो, आणि लुटली गेलेली पेठ तर त्याच्याच गावची असते. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण तो लहानपणापासून ऐकत असतो. त्या सोन्यासाठीच फौज आली होती. तो ‘आम्ही लुटले’ म्हणेल की ‘आम्ही लुटलो गेलो’? म्हणजे इतिहासातील ‘आम्ही’ची अडचण केवळ दखनी बोलणाऱ्या मुलाची नाही, ती बाकावरील प्रत्येकाची आहे. हे सर्वांना एकाच वेळी कळणे यास मी संस्कृतिशिक्षणाचा प्रारंभ समजतो. महाराजांविषयीचा आदर यात तिळमात्र कमी होत नाही. शत्रूच्या मुलखातील धनावर आपली मोहीम चालविणे ही त्या काळातील युद्धनीती होती, हे समजून घेण्यास उलट वाव मिळतो.

दुसरा प्रसंग असईचा. जिल्ह्याच्या उत्तर भागात केळना आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे शिंदे-भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून तेथे उतार असलाच पाहिजे असे अनुमान वेलस्लीने केले व तेथून फौज पलीकडे नेली. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून दीड हजारांवर गेले आणि मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती पडल्या. शिंद्यांचे गोलंदाज अखेरपर्यंत तोफांपासून हलले नाहीत, अशी साक्ष शत्रुपक्षानेच दिली आहे.

येथे ‘आपण’ कोण? वेलस्लीच्या सैन्यातील फार मोठा भाग मद्रासकडील देशी शिपायांचा होता. शिंद्यांच्या शिस्तबद्ध पलटणींचे नेतृत्व पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होते. या लढाईचा पोवाडा रचावयाचा तर नायक कोणास करावे, असा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर टाकावा. कोणी सेनापतीचे नाव घेईल, कोणी अनाम गोलंदाजाचे. त्या निवडीची कारणे मराठीत मांडावयास लावणे हा निबंधलेखनाचा उत्तम अभ्यास होय. शिवाय ‘उतार’ या एका शब्दापासून नदीचा उतार, डोंगराचा उतार, तापाला पडलेला उतार अशी अर्थांची साखळी उलगडता येते. भोकरदन-जाफराबादकडील मुलांना तो उतार प्रत्यक्ष जाऊन पाहता येतो, हा लाभ निराळाच.

६. अवघड पाठ

अफजलखानाचा पोवाडा वर्गात शिकवावा की नाही, असा प्रश्न अनेक शिक्षकांच्या मनात असतो. माझ्या मते शिकवावा, परंतु तो अर्धा शिकवू नये. त्या प्रसंगी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता आणि खानाचा वकील म्हणून आलेला गृहस्थ कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. महाराजांच्या पदरी काझी हैदरसारखा मुनशी होता, आरमारावर दौलतखान होता. खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. ही माहिती पोवाड्याच्या शेजारी ठेविली की त्यातील संघर्ष दोन राज्यांचा म्हणून दिसू लागतो. ती वगळली तर विद्यार्थी त्यास दोन धर्मांचा सामना समजतो आणि वर्गातील काही मुले नकळत ‘ते’ होतात. शिक्षकाने मौन पाळल्यास ही दुसरी गोष्ट आपोआप घडते, हे विसरता कामा नये.

शाहिरांची परंपराही येथे साहाय्यास येते. पेशवाईतील सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार होता. विसाव्या शतकातील अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी आणि अण्णाभाऊ साठे यांनी १९४४ च्या सुमारास कलापथक उभारून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपर्यंत मराठी सभांना ‘आपण’ म्हणावयास शिकविले. पोवाड्याचा विषय राजे व लढाया यांपुरता मर्यादित नाही, हेही त्यांच्यापासून ध्यानात येते. अण्णाभाऊंनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला आणि बंगालच्या दुष्काळावरही रचला. त्यांच्या कितीतरी आधी, १८६९ साली, जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिला आणि त्याच वर्षी विद्याखात्यातील पंतोजींवरही लिहिला. शाळेत कोण शिकवितो आणि कोणास वगळतो हा पोवाड्याचा विषय होऊ शकतो, हे फुल्यांनी दाखवून दिले. आपल्या प्रस्तुत विवेचनाचे मूळ तेथपर्यंत जाते असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

७. विद्यार्थ्यांची रचना

शेवटची पायरी रचनेची. ऐकणे, म्हणणे, वाचणे, शब्द पारखणे, नकाशा पाहणे आणि दुसऱ्या साधनाशी ताडणे हे सर्व झाल्यावर विद्यार्थ्यांच्या गटाने आपल्या गावातील एखाद्या घटनेवर चार-पाच चौक रचावेत. जालना जिल्ह्यात त्यासाठी विषय शोधीत हिंडावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे आजही घरोघर आहेत. खडी फोडण्याची कामे, मिलो ज्वारीची भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळतात. हे शब्द एका पिढीबरोबर जाण्याच्या मार्गावर आहेत. याच दुष्काळी कामांतून पुढे १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम आला. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, ते तर आजच्या तरुण विद्यार्थ्यांनी लहानपणी स्वतः पाहिले आहे.

आजी-आजोबांकडे जाऊन विचारणे, त्यांचे शब्द टिपून घेणे, दोन सांगण्यांतील विसंगती नोंदविणे, शासकीय नोंदीशी ती ताडणे आणि मग ते सारे सभेसमोर उभे राहून मराठीत गाणे, यात भाषेची सर्व अंगे एकदम कामास लागतात. घरची भाषा दखनी असो की गोरबोली, आजीची आठवण त्या भाषेत ऐकून मराठीत आणावी लागते. येथे विद्यार्थी स्वतःच दुभाष्या होतो, आणि दुभाष्याची जबाबदारी किती मोठी असते हे त्यास अनुभवाने कळते. दुष्काळाचा पोवाडा रचताना शत्रू म्हणून उभे करावयास परधर्मीय किंवा परभाषिक कोणी नसतो, हाही या विषयाचा एक गुण आहे.

या पद्धतीस मर्यादा आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पोवाड्याची प्रवृत्ती अतिशयोक्तीकडे असते. सैन्याचे आकडे त्यात सहज फुगतात. जुन्या पोवाड्यांतील स्त्री बहुधा माता, पत्नी अथवा शोक करणारी एवढीच असते. त्यातील जुनी रूपे आजच्या लेखनात वापरावयाची नाहीत, हे विद्यार्थ्यास स्पष्ट सांगावे लागते. आवेश हा त्याचा स्थायी धर्म असल्याने शांत, विश्लेषक गद्याचा सराव त्यावर होत नाही. त्यासाठी दुसरी साधने हवीतच. परीक्षा घेतानाही पाठांतर मोजू नये. एकाच प्रसंगाची दोन निवेदने देऊन, शाहिराने काय घेतले, काय सोडले व का, एवढेच विचारावे.

८. समारोप

पोवाडा हा भाषाशिक्षणास अनुकूल आहे, कारण तो कानासाठी रचलेला आहे, त्यात कर्तृत्वाचे व्याकरण आहे आणि त्याच्या शब्दसंग्रहात या भूमीवर एकत्र नांदलेल्या भाषांचा सहवास टिकून राहिला आहे. तो संस्कृतिशिक्षणासही अनुकूल आहे, परंतु एका अटीवर. शाहिराने बांधलेला ‘आपण’ शिक्षकाने तपासून पाहिला पाहिजे आणि वर्गातील प्रत्येक मुलास त्यात पाय ठेवावयास जागा आहे काय, याची खात्री करून घेतली पाहिजे. जागा नसेल तर गीताच्या शेजारी कागद ठेवून, शब्दाच्या शेजारी त्याचा दुसरा अर्थ ठेवून, आणि शेवटी डफ विद्यार्थ्याच्याच हाती देऊन ती करावी लागेल.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या मराठवाड्यातील शाळा-महाविद्यालयांत शिक्षक होतील. त्यांनी आपापल्या तालुक्यातील अशा प्रसंगांचा, त्यांवरील गीतांचा व आठवणींचा संग्रह करून तो अध्यापनायोग्य रूपात मांडावा, अशी सूचना करून हे विवेचन पुरे करितो.